ग्वाल्हेर : छावणीच्या गांवचें गाणें

महाराष्ट्रांत आज ज्याला ख्यालाचें गाणें म्हणतात तें महाराष्ट्राच्या मातींत उगवलेलें नाहीं. चंबळेच्या दक्षिणेकडील एका खडकाळ मुलुखांतून तें इकडे आलें. आणि तें आणण्यासाठीं मिरज-इचलकरंजीकडील मुलांना घरदार सोडून दूरदेशीं कष्ट काढावे लागले. त्या मुलुखाची राजधानी ग्वाल्हेर. युनेस्को या जागतिक संस्थेनें २०२३ सालीं ग्वाल्हेरला 'संगीताचें शहर' म्हणून आपल्या यादींत घेतलें. भारतांत यापूर्वीं संगीतासाठीं हा मान वाराणसीला २०१५ सालीं आणि चेन्नईला २०१७ सालीं मिळाला होता. मान मोठा खरा. पण एखाद्या शहराला संगीताचें शहर म्हणावयाचें तें कशावरून, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. दगडाचें देऊळ हजार वर्षें उभें राहतें, आणि पडलें तरी त्याचें जोतें उरतें. गाणें गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर संपतें. त्यानें तें दुसऱ्याच्या गळ्यांत उतरविलें नसेल तर त्याचा मागमूसहि राहत नाहीं. अशी ही नाशिवंत वस्तु ग्वाल्हेरांत पांचशें वर्षें कशी टिकली, हें पाहण्यासारखें आहे. आणि पायांत बळ असेल तर तें पाहण्यास एक दिवस पुरतो.

ग्वाल्हेरला तंबू ठोकून राहणें हें इतिहासाला धरूनच आहे. या शहराच्या मुख्य बाजारपेठेच्या भागाचें नांवच लष्कर. लष्कर म्हणजे फौज, आणि फौजेचा तळ. १८१० सालीं दौलतराव शिंद्यांनीं आपली राजधानी उज्जैनीहून इकडे आणली, आणि किल्ल्याच्या दक्षिणेस त्यांच्या सैन्याचा मुक्काम पडला. मुक्काम म्हणजे आज आहे आणि उद्यां नाहीं. पण हा मुक्काम हलला नाहीं. राहुट्यांच्या जागीं घरें आलीं, घरांच्या जागीं वाडे आले, बाजार भरला, रस्ते झाले. छावणीचें नगर झालें, तरी नांव मात्र लष्करच राहिलें. महाराष्ट्रांतून आलेलीं शेंकडों कुटुंबें या छावणींत स्थायिक झालीं, आणि त्यांच्या घरीं मराठी बोलली जाऊं लागली. पुढील सर्व हकीकतीचें मूळ या एका गोष्टींत आहे.

सहलीस निघालेला प्रवासी हिवाळ्यांत येथें आला तर त्यानें तळ टाकावा तो शहराबाहेर, सांक नदीवरील तिघ्रा तलावाच्या बाजूस. १९१६ च्या सुमारास बांधलेल्या या धरणाला मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं योजलेले आपोआप उघडणारे दरवाजे बसविले होते. तसे दरवाजे पहिल्यानें बसले ते पुण्याजवळच्या खडकवासल्यास, १९०३ सालीं. पुण्याकडच्या माणसाला तेव्हां तेथें अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. मात्र तेथून सूर्योदयापूर्वींच निघावें. कारण ग्वाल्हेरचा किल्ला पायीं चढावयाचा असेल तर तो ऊन तापण्याच्या आंत चढावा.

किल्ला एका एकाकी, लांबट टेकडीवर आहे. भोंवतालच्या सपाट प्रदेशांतून ही टेकडी सुमारें ३०० फूट एकदम वर उठते आणि दक्षिणोत्तर दीड-पावणेदोन मैल पसरते. पूर्वेकडून चढणाऱ्या वाटेच्या पायथ्याशींच गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमर यानें आपली गुजर जातीची राणी मृगनयना हिच्यासाठीं तो बांधला. माहेरच्या राई गांवचें पाणी मला रोज मिळालें पाहिजे, अशी अट तिनें लग्नापूर्वीं घातली आणि राजानें तें पाणी नळानें येथवर आणलें, अशी लोककथा आहे. तोडी रागाच्या एका प्रकाराला गुजरी हें नांव तिच्यावरून पडलें, असेंहि सांगतात. कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे : लोकांनीं राणीची आठवण ठेवली ती एका रागाच्या नांवांत. महालांत आतां पुराणवस्तुसंग्रहालय आहे.

वर चढतांना वाटेवरच खडकांत कोरलेलें एक लहानसें चतुर्भुज विष्णूचें देऊळ आहे. पुष्कळ प्रवासी तें न पाहतांच पुढें जातात. तसें करूं नये. या देवळांत इ. स. ८७६ चा एक शिलालेख आहे. देवाच्या फुलांसाठीं २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी बाग दिली, आणि देवाला रोज ५० हार मिळावे, अशी व्यवस्था त्यांत कोरलेली आहे. या २७० मध्यें आणि ५० मध्यें जें वाटोळें शून्य आहे, तें भारतांतील शून्याच्या अगदीं जुन्या निःसंशय खुणांपैकीं एक म्हणून जगांतले गणिती तें पाहावयास येतात. फुलें त्याच दिवशीं सुकलीं, पण त्यांचा हिशेब अकराशें वर्षें राहिला, कारण तो लिहून ठेवला होता. त्याच काळीं या डोंगरावर लोकांनीं काय गाइलें, कसें गाइलें, याचा मात्र एक शब्दहि खडकावर नाहीं. आंकडा खडकावर कोरतां आला. सूर कोरतां आला नाहीं. सूर टिकवावयाचा तर दुसरीच कांहीं युक्ति हवी होती.

ती युक्ति पाहावयाची तर आणखी थोडें चढून हत्तीपोळेंतून मानमंदिरांत यावें. निळ्या, हिरव्या, पिवळ्या चिनी फरशांनीं मढविलेला हा राजवाडा मानसिंहानेंच उठविला. भिंतींवर बदकांच्या रांगा, हत्ती, मगरी आणि केळी आहेत. आणि इतक्या शतकांच्या उन्हापावसांतहि त्यांतला निळा रंग विटलेला नाहीं. मानसिंहानें १४८६ पासून १५१६ पर्यंत राज्य केलें. दिल्लीच्या लोदी सुलतानांशीं त्याची उभी हयात झगडण्यांत गेली. एवढ्या धामधुमींतहि त्यानें एक मोठें काम केलें. ध्रुपद या गानप्रकाराला त्यानें राजाश्रय दिला, आणि लोकांना कळेल अशा देशी भाषेंतलीं पदें दरबारांत गावविलीं. तोंपर्यंत शास्त्रशुद्ध गाण्याला संस्कृताची मातबरी होती. राजाच्या या धोरणामुळें गाण्याचे बोल ऐकणाऱ्यांच्या बोलीजवळ आले. दुसरें असें कीं, आपल्या पदरच्या गुणी माणसांना एकत्र बसवून त्यानें रागांचा निर्णय करविला आणि 'मानकुतूहल' नांवाचा ग्रंथ सिद्ध करविला.

या ग्रंथाची पुढची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मूळ 'मानकुतूहल' हरवला. आज त्याची ओळख होते ती फकीरुल्ला या मोगल सरदारानें केलेल्या फारसी भाषांतरावरून. 'रागदर्पण' नांवाचें हें भाषांतर १६६६ च्या सुमारास पुरें झालें. म्हणजे गादीवर औरंगजेब होता. ज्या बादशहानें आपल्या दरबारांतलें गाणें बंद केलें असें शाळेंतल्या पुस्तकांत सांगतात, त्याचाच एक सरदार दीडशें वर्षांपूर्वींच्या एका हिंदु राजाचा संगीतग्रंथ आपल्या भाषेंत उतरवीत बसला होता. मानसिंहाच्या दरबारांतला नायक बक्षू यालाहि असाच वारस मिळाला. ग्वाल्हेरचा आश्रय तुटल्यावर तो कालिंजरास आणि पुढें गुजराथच्या बहादुरशहाकडे गेला. त्याचीं एक हजार ध्रुपदें शहाजहानाच्या काळांत निवडून 'सहसरस' या नांवानें एकत्र करण्यांत आलीं. राजा गेला, राज्य गेलें, पोथी गेली. पण जें दुसऱ्याच्या हातीं गेलें होतें तेवढें वांचलें.

मानमंदिराच्याच तळघरांत उतरल्यावर याची दुसरी बाजू दिसते. जमिनीखालीं दोन मजले आहेत. वरच्या दालनांतल्या जाळीआडून राणीवसा गाणें ऐकत असे, असें वाटाडे सांगतात. या खालच्या अंधाऱ्या दालनांतून मोगलांनीं राजकैदी ठेवले. बाबर १५२८ सालीं हा राजवाडा पाहून गेला आणि आपल्या आठवणींत त्यानें त्याचें वर्णन केलें. तोंवर तोमरांचें राज्य संपलें होतें. मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य हा १५२६ सालीं पानिपतावर, ज्या लोदींनीं त्याचें राज्य घेतलें त्यांच्याच बाजूनें लढतांना पडला होता. पुढें याच किल्ल्यावर औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद कैदेंत होता, आणि १६६१ सालीं येथेंच त्याचा शिरच्छेद झाला. जेथें सूर लागले तेथेंच बेड्या वाजल्या. वास्तु गाण्याची राखण करीत नाहीं. ती जो धनी येईल त्याची होते.

किल्ल्याच्या तटावरून खालीं पाहिलें कीं तीन गांवें दिसतात. पायथ्याशीं जुनें ग्वाल्हेर, दक्षिणेस शिंद्यांचें लष्कर आणि पूर्वेस इंग्रजांच्या पलटणींसाठीं वसलेलें मुरार. तीनहि आतां एकमेकांत मिसळलीं आहेत, तरी वरून त्यांच्या सीमा जाणत्याला ओळखतां येतात. सहस्रबाहूचें १०९३ सालचें देऊळ आणि तेलीचें उंच मंदिर पाहून दुपारच्या आंत खालीं उतरावें आणि जुन्या ग्वाल्हेरांत महंमद घौस यांच्या दर्ग्याकडे जावें.

महंमद घौस हे सोळाव्या शतकांतले प्रसिद्ध सूफी सत्पुरुष. १५६३ च्या सुमारास ते निवर्तले. त्यांची कबर भव्य, चौरस, कोपऱ्यांवर षट्कोनी मनोरे असलेली आहे, आणि तिच्या दगडी जाळ्या इतक्या नाजूक कीं कागद कातरावा तसा दगड कातरलेला दिसतो. दुपारच्या उन्हाचे कवडसे त्या जाळ्यांतून आंत पडतात तेव्हां कोणीहि तेथें घटकाभर उभा राहतो. याच आवारांत, जरा बाजूला, एका ओट्यावर साधे खांब आणि वर सपाट छत अशी एक लहानशी कबर आहे. ती तानसेनाची.

तानसेन मूळचा ग्वाल्हेराजवळच्या बेहट गांवचा. तो रीवांच्या राजा रामचंद्राच्या पदरीं होता; १५६२ सालीं अकबरानें त्याला मागून घेतलें. वृंदावनचे स्वामी हरिदास हे त्याचे गुरु, असें परंपरा मानते. आणि महंमद घौस यांची त्याच्यावर कृपा होती, असेंहि तीच परंपरा मानते. अबुल फज्लानें 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या दरबारांतल्या छत्तीस गायक-वादकांचीं नांवें दिलीं आहेत. पहिलें नांव तानसेनाचें आहे, आणि त्याच्यामागून येणाऱ्या अनेक नांवांपुढें 'ग्वाल्हेरचा' असाच शेरा आहे. मानसिंहानें घातलेल्या पायाचा हा पुरावा. त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षें होऊन गेल्यावरहि आग्र्याच्या बादशहाला गवई हवे झाले तर ते या गांवांतून न्यावे लागत होते. १५८९ सालीं तानसेन वारला. ज्यानें बादशाही वैभव पाहिलें तो विसाव्यासाठीं अखेर आपल्या मुलुखांत, एका फकिराच्या शेजारीं आला.

कबरीजवळ चिंचेचें झाड आहे. त्याचीं पानें चघळलीं कीं गळा गोड होतो, अशी गवयांची जुनी श्रद्धा आहे. मूळचें झाड आतां नाहीं. त्याच्या जागीं दुसरें आहे. भाविकांनीं पानें, साली आणि मुळ्यासुद्धां ओरबाडून नेल्यामुळें जुनें झाड गेलें, असें म्हणतात. तानसेनाचा गळा हवा, पण तानसेनाची मेहनत नको, अशी इच्छा बाळगणारे लोक सर्व काळांत असतात. त्यांच्या हातून झाडें मरतात, गळे मात्र होत नाहींत. दर वर्षीं डिसेंबरांत ग्वाल्हेरांत तानसेनाच्या नांवानें संगीताचा मोठा उत्सव होतो. शिंद्यांच्या राजवटींत १९२४ सालीं उरुसाच्या रूपानें सुरू झालेल्या या उत्सवाचा शंभरावा सोहळा २०२४ सालीं झाला. सकाळीं प्रथम शहनाई, मग हरिकथा आणि मग मीलाद, अशी त्याच्या आरंभाची रीत आहे. हरिकथा आणि मीलाद एकाच कबरीपुढें, एकाच सकाळीं, एकाच श्रोतृवर्गासमोर होतात. तेथें त्याचें कोणाला नवल वाटत नाहीं.

दुपारीं एखाद्या हलवायाकडे बेडई आणि जिलबी खाऊन, थंडीचे दिवस असतील तर तिळाची गजक खिशांत टाकून, प्रवाशानें लष्करांत यावें. येथून पुढची कथा ख्यालाची आहे, आणि ती छावणींतच घडली.

परंपरा सांगते कीं नत्थन पीरबक्ष हे थोर ख्यालगायक लखनौस होते. दोन गवयी घराण्यांत वैर माजलें, आणि त्या वैरांत त्यांच्या मुलाचा, कादिरबक्षाचा, घात झाला. म्हातारा आजा पोरक्या नातवांना घेऊन ग्वाल्हेरास शिंद्यांच्या आश्रयाला आला. ते नातू म्हणजे हद्दूखां, हस्सूखां आणि नत्थूखां. त्याच दरबारीं बडे महंमदखां नांवाचे गवई होते. त्यांच्या तानेची कीर्ति सर्वत्र होती, पण ती तान ते कोणाला शिकवीत नसत. तेव्हां महाराजांनीं या पोरांना पडद्याआड बसविलें आणि कित्येक महिने तें गाणें चोरून ऐकविलें. पुढें भर दरबारांत पोरांनीं तीच तान घेतली आणि महंमदखां रागानें दरबार सोडून गेले. हस्सूखांना एक अत्यंत अवघड तान दुसऱ्यांदा घ्यावयास लावून त्यांचा जीव घेतला, अशीहि एक आख्यायिका आहे. या कथांत कितीसें खरें आणि कितीसें रंगविलेलें, याचा निवाडा आतां होणें नाहीं. पण त्यांतून त्या काळची रीत मात्र स्पष्ट दिसते. विद्या हें पुरलेलें धन होतें. त्यासाठीं माणसें चोरी करीत आणि प्राणहि घेत.

आतां पुढची गोष्ट पाहावी. ज्यांना विद्या पडद्याआडून चोरावी लागली त्या हद्दूखां-हस्सूखांनीं ती दुसऱ्यांना देतांना पडदा धरला नाहीं. लष्करांतलीं आणि दक्षिणेंतलीं मराठी मुलें त्यांच्याकडे आलीं. मुलें परजातीचीं, परधर्माचीं. त्यांची भाषा निराळी, जेवणखाण निराळें. तरीहि उस्तादांनीं त्यांना समोर बसवून शिकविलें. वासुदेवबुवा जोशी हे अशा शिष्यांपैकीं एक. देवजीबुवा परांजपे हे दुसरे. मिरजेजवळच्या बेडग गांवीं १८४९ सालीं जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठीं घर सोडून प्रथम धारेस देवजीबुवांकडे राहिले. तेथें निभाव लागेना, तेव्हां ते वासुदेवबुवांकडे गेले. माधुकरी मागून, गुरूच्या घरचीं हलकीं कामें करून त्यांनीं ती गायकी मिळविली, आणि परत येऊन मिरज-इचलकरंजीच्या भागांत ती वाटली. महाराष्ट्रांत ख्यालगायन घरोघर पोहोंचलें त्याची ही पहिली वाट.

लष्करांत राहिलेल्या मराठी घराण्यांपैकीं पंडितांचें घराणें प्रसिद्ध आहे. नत्थूखांचे दत्तकपुत्र निसार हुसेनखां हे दरबारची नोकरी सुटल्यावर शंकरराव पंडितांच्या घरीं येऊन राहिले. ब्राह्मणाच्या घरीं मुसलमान उस्ताद वर्षानुवर्षें राहिला आणि घरचाच झाला. इतका कीं लोक थट्टेनें त्यांना 'निसार भट' म्हणूं लागले, असें सांगतात. शंकररावांनीं गुरूला घर दिलें आणि गुरूनें शंकररावांना घराण्याची गायकी दिली. या व्यवहाराचा शिलालेख कोठेंहि नाहीं. पण शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव यांनीं तीच गायकी ९० वर्षें ओलांडल्यावरहि कंठांत ठेवली. १८९३ सालीं जन्मलेले कृष्णराव १९८९ सालीं वारले. वडिलांच्या नांवानें त्यांनीं १९१४ सालींच ग्वाल्हेरांत संगीताचें विद्यालय काढलें होतें.

या छावणीचें गाणें एकदां खरोखरीच्या तंबूंतूनहि हिंडलें आहे. विष्णुपंत छत्रे हे घोड्यावरची विद्या आणि गाणें या दोन्ही नादांनीं ग्वाल्हेरास राहिलेले गृहस्थ. ते हद्दूखांचे शिष्य. १८८० सालीं त्यांनीं हिंदी सर्कस उभी केली, हें सर्वांना ठाऊक आहे. हद्दूखांचे पुत्र रहिमतखां हे अलौकिक गळ्याचे गायक. पण व्यसनानें आणि विरक्तीनें त्यांचें भान सुटलें. ते काशींत विपन्नावस्थेंत भटकत असतां विष्णुपंतांना आढळले, असें सांगतात. गुरुपुत्र म्हणून विष्णुपंतांनीं त्यांना उचलून आपल्या सर्कशीबरोबर घेतलें, आणि छत्र्यांच्या घरानें पुढें जन्मभर त्यांचा सांभाळ केला. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांशेजारीं, कनातीच्या आडोशाला ज्यांचा संसार होता त्या रहिमतखांना महाराष्ट्र 'भूगंधर्व' म्हणूं लागला. १९२२ सालीं कुरुंदवाडास ते वारले. उस्तादानें मराठी शिष्याला गाणें दिलें होतें. शिष्यानें उस्तादाच्या मुलाला घर दिलें. हिशेब चुकता झाला, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. अशा ऋणांची फेड पुढच्या माणसाला शिकवूनच व्हावयाची असते.

ती फेड दोघां मराठी पुरुषांनीं मोठ्या प्रमाणावर केली. कुरुंदवाडास १८७२ सालीं जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर हे बाळकृष्णबुवांचे शिष्य. लहानपणीं शोभेच्या दारूच्या अपघातानें त्यांची दृष्टि अधू झाली. त्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. गाणें शिकावयास राजाचा आश्रय किंवा उस्तादाची मर्जी लागूं नये, वहीपेन्सिल घेऊन शाळेंत जावें तसें तें शिकतां यावें, हा त्यांचा आग्रह होता. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. माधवराव शिंद्यांच्या पाठबळानें त्यांनीं १९१८ सालीं ग्वाल्हेरांतच माधव संगीत विद्यालय उघडलें. ज्या दरबारांत तान ऐकण्यासाठीं पोरांना पडद्याआड लपावें लागलें होतें, त्याच गांवांत आतां फळ्यावर सरगम लिहून तीच विद्या चारचौघांना शिकविली जाऊं लागली. राजाभय्या पूंछवाले यांच्यासारख्या ग्वाल्हेरच्या गवयानें स्वरलिपि आत्मसात करून त्या शाळेची धुरा वाहिली. चतुर्भुजाच्या देवळांत आंकडा कोरणाऱ्याला जें साधलें नव्हतें तें कांहीं अंशीं येथें साधलें : सूर कागदावर उतरला. कांहीं अंशीं असें म्हणावयाचें कारण एवढेंच कीं, कागदावरचा सूर लावून दाखविणारा माणूस अजूनहि लागतोच.

उतरत्या दुपारीं जयविलास राजवाडा पाहावा. जयाजीराव शिंद्यांनीं तो १८७४ सालीं बांधून घेतला. दरबार दिवाणखान्यांतल्या दोन प्रचंड झुंबरांचें वजन प्रत्येकीं सुमारें साडेतीन टन आहे. तीं टांगण्यापूर्वीं छप्पर तेवढा भार सोसतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वर हत्ती चढविले होते, असें सांगतात. जेवणाच्या मेजावर पक्वान्नें फिरविणारी चांदीची आगगाडीहि येथें आहे. हें सर्व पाहून मन दिपतें. पण १९४८ सालीं ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतांत विलीन झालें, आणि गवयांना पोसणारा दरबार संपला. तोमरांच्या अस्तानंतर जो प्रसंग नायक बक्षूवर आला, तोच पुन्हां आला. मात्र या वेळीं गवयांना कालिंजर किंवा गुजराथ शोधावी लागली नाहीं. दरबार मिटला तरी शाळा उघड्या होत्या. शिष्य मुंबईपासून लाहोरपर्यंत पसरले होते. दरबारांतल्या गाण्याचा वारसा झुंबरांकडे गेला नाहीं. तो विद्यार्थ्यांकडे गेला.

जिवाजीगंजांत सरोद घर नांवाचें एक वस्तुसंग्रहालय आहे. सरोदिये हाफिज अलीखां यांचें तें वडिलार्जित घर. त्यांचे चिरंजीव अमजद अलीखां यांचा जन्म ग्वाल्हेरांतच १९४५ सालीं झाला. जुनीं वाद्यें, जुन्या गुणीजनांच्या तसबिरी, आणि कित्येक पिढ्यांच्या बोटांनीं झिजलेलीं लांकडें तेथें जपून ठेवलीं आहेत. राजा मानसिंह तोमर याच्या नांवानें २००८ सालीं स्थापन झालेलें संगीत व कला विश्वविद्यालयहि याच शहरांत आहे. ज्या राजानें गुणी माणसें एकत्र बसवून एक पोथी करविली, त्याच्या नांवानें पांचशें वर्षांनंतर मुलांची परीक्षा घेतली जाते, ही त्या राजाला मोठी मानवंदना होय.

संध्याकाळीं लष्करच्या बाजारांत दिवे लागतात आणि दिवसभराचें पाहणें संपतें. या एका दिवसांत राजवाड्याचा तुरुंग झालेला दिसला, पोथी हरवलेली दिसली, झाड ओरबाडलेलें दिसलें, आणि दरबार मिटलेला दिसला. टिकलें तें एकच. एका जातीच्या, एका धर्माच्या, एका भाषेच्या माणसानें जें दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या माणसाला समोर बसवून दिलें, तें टिकलें. बडे महंमदखांची तान त्यांच्या स्वतःच्या इच्छेनें कोणाकडेच गेली नसती. हद्दूखांची तान इचलकरंजीस गेली, लाहोरास गेली, सर्कशीच्या तंबूंत गेली, आणि म्हणून आजहि ऐकूं येते.

संगीताचें शहर हें बिरुद देणारी संस्था परदेशांत असते, आणि तिचा कागद एकदां आला कीं चौकटींत बसवून भिंतीवर लावतां येतो. तें बिरुद खरें ठेवण्याचें काम मात्र रोज सकाळीं नव्यानें करावें लागतें. लष्करांतल्या एखाद्या गल्लींत कोणी मास्तर तंबोरा लावून बसतो. समोर चार मुलें असतात. दोघांचे सूर अजून लागत नसतात. मास्तर चिडत नाहीं. तो पुन्हां पहिल्यापासून 'सा' लावून दाखवितो. ग्वाल्हेरचा पुढचा इतिहास जो कांहीं होणार असेल तो त्या चार मुलांपैकीं एखाद्याच्या गळ्यांत आहे.